पत, अब्रू आणि फोनमधली यादी : पोस्नर यांच्या एका निबंधाची उलटतपासणी

या व्याख्यानमालेत आपण एखादा निबंध किंवा पुस्तक घेतो, ते काय म्हणतंय ते आधी नीट ऐकून घेतो आणि मग त्याच्याशी भांडतो. आजचा निबंध रिचर्ड पोस्नर यांचा आहे. 'द राइट ऑफ प्रायव्हसी' हे त्याचं नाव. १९७८ साली 'जॉर्जिया लॉ रिव्ह्यू' या नियतकालिकात तो छापून आला. पोस्नर तेव्हा शिकागो विद्यापीठात कायदा शिकवत होते. पुढे १९८१ मध्ये ते अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयात न्यायाधीश झाले आणि २०१७ पर्यंत तिथे होते. कायद्याच्या प्रत्येक प्रश्नाला अर्थशास्त्राची फूटपट्टी लावणारा माणूस, अशी त्यांची ख्याती.

एवढा जुना आणि परदेशी निबंध आज कशाला, असं कुणी विचारेल. त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे, निबंध न वाचताही त्यातला युक्तिवाद आपण रोज ऐकतो. "काही वाकडं केलंच नसेल तर घाबरायचं कशाला?" हे वाक्य सोसायटीच्या मीटिंगपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत सगळीकडे असतं. पोस्नर यांनी त्याला शास्त्रीय रूप दिलं. दुसरं कारण आपल्या घराजवळचं आहे. गेल्या काही वर्षांत झटपट कर्ज देणाऱ्या मोबाइल अ‍ॅप्सनी आपल्याकडे जो धुमाकूळ घातला, तो समजून घ्यायचा तर हा युक्तिवाद नेमका कुठे लंगडा पडतो ते पाहावं लागतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. पोस्नर यांच्या हिशोबात दोनच माणसं आहेत : माहिती लपवणारा आणि माहिती बघू पाहणारा. प्रत्यक्षात माहितीच्या व्यवहारात तिसरा माणूस असतो, आणि बरेचदा बिल त्याच्याच नावावर फाटतं.

निबंध काय म्हणतो?

आधी पोस्नर यांची बाजू, आणि ती पूर्ण ताकदीने मांडू. आठवडी बाजारात एकजण म्हैस विकायला आणतो. तिचा एक सड गेलेला आहे. तो हे सांगत नाही. आपण याला फसवणूक म्हणतो. आता पोस्नर विचारतात, नोकरीच्या मुलाखतीत, लग्नाच्या बोलणीत, कर्जाच्या अर्जात माणूस स्वतःलाच 'विकत' असतो ना? मग तिथे त्याने आपला आजार, आपली जुनी थकबाकी, आपला पूर्वेतिहास लपवला, तर त्याला आपण 'खासगीपणाचा हक्क' असं भारदस्त नाव का देतो? मालातला दोष लपवणं वाईट आणि स्वतःतला लपवणं पवित्र, हे कसं?

हा मुद्दा चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं होतं, की दोष लपवता येत असतील तर गिऱ्हाईक सगळ्याच गाड्यांना कमी भाव देऊ लागतं. मग चांगल्या गाडीचा मालक बाजारात येईनासा होतो. म्हणजे लपवणाऱ्याच्या सोयीची किंमत प्रामाणिक माणूस मोजतो. कर्जाचंही तेच. आपल्याकडे २००० साली सिबिलची स्थापना झाली, २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांसाठी कायदा झाला, आणि आज ३०० ते ९०० मधला एक आकडा कर्ज मिळणार की नाही ते ठरवतो. या आकड्यावर आपण वैतागतो. पण ज्याने दर महिन्याला हप्ता भरला, पण ज्याच्या ओळखीचा कुणी मॅनेजर नाही, त्याला हाच आकडा उपयोगी पडतो. त्याच्या चांगल्या वागणुकीचा तो पुरावा असतो.

याहून टोचणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे अनेक ठिकाणी असा नियम झाला, की नोकरीच्या पहिल्या अर्जात गुन्ह्याची नोंद विचारायची नाही. हेतू चांगला होता. शिक्षा भोगून आलेल्याला, विशेषतः कृष्णवर्णीय तरुणांना, किमान दारात तरी उभं राहता यावं. अमांडा अगन आणि सोन्या स्टार या दोन संशोधकांनी न्यू जर्सी आणि न्यू यॉर्क शहरात नियमाच्या आधी आणि नंतर मिळून सुमारे १५,००० काल्पनिक अर्ज पाठवून पाहिले. ज्या कंपन्यांना हा नियम लागू झाला, तिथे आधी गोऱ्या नावाच्या अर्जदाराला तशाच पात्रतेच्या कृष्णवर्णीय नावाच्या अर्जदारापेक्षा सुमारे ७ टक्के जास्त बोलावणी येत होती. नियमानंतर हा फरक ४३ टक्क्यांवर गेला. म्हणजे नोंद दिसेनाशी झाली तेव्हा मालकांनी नावावरून अंदाज बांधायला सुरुवात केली. ज्याच्या नावावर कसलाही गुन्हा नव्हता, तो कृष्णवर्णीय तरुण यात भरडला गेला.

तेव्हा खासगीपणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी एक गोष्ट मान्य करायला हवी. माहिती झाकली की न्याय आपोआप होत नाही. इथपर्यंत मी पोस्नर यांच्याबरोबर आहे.

पहिली फट : माहिती आधीपासून पडलेली असते का?

आता भांडण सुरू करू. पोस्नर यांच्या निबंधात एक विचित्र उलटसुलटपणा आहे. व्यापारी गुपितांना कायद्याने संरक्षण द्यावं, असं ते म्हणतात. का? कारण एखाद्या कंपनीने खर्च करून माहिती मिळवली आणि ती लगेच सगळ्यांना फुकट मिळाली, तर उद्या कुणी खर्चच करणार नाही. संरक्षण असेल तरच माहिती निर्माण होते. अगदी बरोबर. त्या काळी अमेरिकेतले कायदे व्यक्तींचा खासगीपणा वाढवत होते आणि कंपन्यांचा कमी करत होते; पोस्नर यांना हे उफराटं वाटत होतं.

पण माणसाबद्दलची माहिती तरी आयती पडलेली असते का? तीही निर्माणच व्हावी लागते. एचआयव्हीची चाचणी घ्या. निकाल गावभर होणार, नोकरी जाणार, अशी धास्ती असेल तर माणूस चाचणीलाच जात नाही. मग मालकाला कळत नाही, विमा कंपनीला कळत नाही, आणि खुद्द त्या माणसालाही कळत नाही. उपचार लांबतात, संसर्ग पुढे जातो. आपल्याकडच्या २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने हे ओळखलंय. संमतीशिवाय चाचणी नाही, ठरावीक अपवाद सोडून निकाल उघड करायचा नाही, आणि त्यावरून नोकरीत भेदभाव करायचा नाही. इथे गुप्तता माहितीच्या आड येत नाही. गुप्तता आहे म्हणून माहिती जन्माला येते. कंपनीला लावलेला नियम पोस्नर माणसाला लावत नाहीत, आणि त्यामुळे त्यांचा हिशोब एका बाजूला कलतो.

न्यायाने हेही सांगायला हवं, की चोरून संभाषण ऐकण्याला पोस्नर यांचा विरोध होता. लोक जपून बोलायला लागतील, मोकळं बोलणं महाग पडेल, असं ते म्हणतात. म्हणजे हा मुद्दा त्यांना दिसला होता. तो त्यांनी फोनवरच्या गप्पांपाशी थांबवला.

जॅक हर्शलायफर या अर्थतज्ज्ञाने तर १९७१ मध्येच, म्हणजे या निबंधाच्या सात वर्षं आधी, आणखी एक गोष्ट दाखवून दिली होती. काही माहिती आधी कळल्याने कुणाचंच भलं होत नाही. समजा, शंभर शेतकरी मिळून गारपिटीचा विमा उतरवतात. गारपीट कोणत्या दहा शेतांवर होणार हे विमा घेण्याआधीच सगळ्यांना कळलं, तर नव्वद जण वर्गणी देणार नाहीत आणि दहा जणांना विमा मिळणार नाही. गारा तेवढ्याच पडल्या. त्या सोसायची सोय मात्र गेली. पुढे १९८० मध्ये खासगीपणावर लिहिताना हर्शलायफर यांनी थेट सांगितलं, की खासगीपणा म्हणजे गुपित ठेवणं असं धरून चाललं की चर्चाच चुकीच्या रस्त्याला लागते. खासगीपणा म्हणजे समाजात राहून स्वतःचं क्षेत्र राखणं. शिकागोच्या वर्तुळात तेव्हा हा आवाज बाजूला पडला.

दुसरी फट : माहिती नेमकी कुणाची?

ही फट मला जास्त महत्त्वाची वाटते. इथून आपण आपल्या कर्ज अ‍ॅप्सकडे येतो.

मराठीत 'पत' या शब्दाला दोन अर्थ आहेत. कर्ज मिळण्याची लायकी म्हणजे पत, आणि चारचौघांतली इज्जत म्हणजेही पत. हा योगायोग नाही. ज्याच्याकडे गहाण टाकायला जमीन नाही, सोनं नाही, त्याने अब्रूच तारण ठेवायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात तगाद्याचं वर्णन आहे. साध्या मागणीपासून ते ऋणकोच्या दारात माणूस बसवून त्याची कोंडी करण्यापर्यंत तगाद्याचे प्रकार होते. वसुली लाजेवर चालायची.

अ‍ॅपवाल्यांनी काय केलं? समजा, पाच हजारांचं कर्ज. 'प्रोसेसिंग फी' कापून हातात येतात साडेतीन हजार. सात दिवसांत पाच हजार परत करायचे. म्हणजे आठवड्याला जवळजवळ ४३ टक्के. अ‍ॅप उघडताना फोनमधली संपर्कयादी आणि फोटो बघण्याची परवानगी मागितली जाते, आणि गरजू माणूस 'होय' दाबतो. हप्ता चुकला की यादीतल्या लोकांना फोन सुरू : मेहुण्याला, शाळेतल्या बाईंना, ऑफिसातल्या साहेबांना. काही प्रकरणांत फोटोत फेरफार करून ते पाठवले गेले. देशात यावरून आत्महत्यांच्या बातम्या आल्या. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने नोव्हेंबर २०२१ च्या अहवालात सांगितलं, की भारतीय ग्राहकांना उपलब्ध असलेली सुमारे १,१०० कर्ज अ‍ॅप्स सापडली आणि त्यातली ६०० बेकायदा होती.

आता इथे पोस्नर यांची फूटपट्टी लावा. माहिती लपवणारा कोण? कर्जदाराने तर काहीच लपवलेलं नाही. सगळा फोन उघडून दिलाय. माहिती जितकी उघडी तितकं कल्याण जास्त, हे खरं असतं तर हा आदर्श बाजार ठरला असता.

गफलत कुठे झाली? संपर्कयादी दोन कामं करते आणि ती दोन्ही आपण 'माहिती' या एकाच शब्दात कोंबतो. पहिलं काम अंदाजाचं : हा माणूस कर्ज फेडेल का? दुसरं काम धाकाचं : नाही फेडलं तर कुणासमोर लाज काढायची? अकरलॉफ यांचं गणित पहिल्या कामाला लागू पडतं. दुसरं काम वेगळं आहे. तिथे यादी हे तारण आहे, आणि तारण ठेवलंय दुसऱ्यांना.

थोडा हिशोब करू. आकडे फक्त समजावण्यापुरते. शंभर कर्जदार, प्रत्येकाला साडेतीन हजार, म्हणजे साडेतीन लाख वाटले. धाक नसेल तर समजा साठ जण पाच-पाच हजार परत करतात. वसुली तीन लाख, पन्नास हजारांचा तोटा. धाक असेल तर ऐंशी जण करतात. वसुली चार लाख, पन्नास हजारांचा नफा. म्हणजे ज्या धंद्याचं दुकान एरवी बंद पडलं असतं, तो केवळ धाकावर उभा राहिला. आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये दोनशे नंबर धरले तर वीस हजार माणसं या व्यवहाराच्या टप्प्यात आली. त्यांच्या डोक्याला झालेला ताप, तुटलेली नाती कुठल्याच वहीत नाहीत. वहीत दिसते ती फक्त 'वसुलीत सुधारणा'.

आपल्या पतसंस्थेत कर्जाला दोन जामीनदार लागतात. जामीनदार होणं काही सुखाचं नसतं, तुमच्यापैकी काहींना अनुभव असेल. पण जामीनदार स्वतः सही करतो. कितीचं कर्ज, कुणाचं, हे त्याला ठाऊक असतं आणि तो 'नाही' म्हणू शकतो. फोनच्या यादीतला माणूस सही न करताच जामीनदार होतो. पोस्नर यांच्या चौकटीत या माणसाला जागाच नाही. तो लपवणाराही नाही आणि बघणाराही नाही.

पिझ्झा आणि पडलेला भाव

याला कुणी म्हणेल, लोकांनाच पर्वा नाही. एका सवलतीच्या कुपनासाठी नंबर देऊन टाकतात. यासाठी नेहमी एका प्रयोगाचा दाखला देतात. २०१४ मध्ये एमआयटी या अमेरिकी संस्थेत पदवीच्या विद्यार्थ्यांना बिटकॉइन वाटले गेले. त्या निमित्ताने सुझन अथी, ख्रिश्चन कॅटालिनी आणि कॅथरिन टकर यांनी एक चाचणी घेतली. मित्रांचे ईमेल पत्ते द्या, असं सांगितलं आणि काही जणांना बदल्यात पिझ्झा देऊ केला. पिझ्झा म्हटल्यावर खोटे पत्ते देणारे कमी झाले. खासगीपणा जपतो असं सांगणारेही त्याला अपवाद नव्हते. निष्कर्ष काढला जातो, की खासगीपणाची किंमत एका पिझ्झाएवढी.

पण पुन्हा वाचा. पिझ्झा खाल्ला एकाने. पत्ते दिले दुसऱ्यांचे. ज्यांचे पत्ते गेले त्यांना किंमत विचारली कुणी?

डॅरन असेमोग्लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हीच गोष्ट गणितात बसवून दाखवली. माझ्याबद्दलची बरीचशी माहिती तुमच्या फोनमधून, माझ्या भावाच्या खरेदीतून, शेजाऱ्याच्या सवयींतून कळतच असेल, तर मी माझी माहिती राखून काय मिळवणार? माझ्या 'नाही'ला भाव उरत नाही. म्हणून मीही स्वस्तात देऊन टाकतो. आणि माझ्या देण्याने तुमच्या 'नाही'चा भाव आणखी पडतो. बाजारात माहिती स्वस्त दिसते, पण त्यावरून लोकांना तिची पर्वा नाही असं ठरत नाही. प्रत्येकाने दुसऱ्याचा भाव पाडलेला असतो. कल्याणाचा हिशोब या पडलेल्या भावाने केला तर उत्तर चुकणारच.

आणि आपले कायदे?

गंमत अशी, की पोस्नर यांच्या विरोधकांनीही त्यांचीच चौकट उचलली. ते म्हणाले, माहिती माणसाची स्वतःची आहे, म्हणून त्याची संमती घ्या. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो निकाल मोठाच आहे. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. तो मुख्यतः संमतीवर उभा आहे. संमती म्हणजे एका माणसाचं 'होय'. तिसरा माणूस पुन्हा बाहेर.

अर्थात कायदा अगदी आंधळा नाही. संमतीच्या कलमात एक उदाहरण दिलंय : डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने संपर्कयादी मागितली आणि ग्राहकाने 'होय' म्हटलं, तरी यादी त्या सेवेसाठी गरजेची नसल्यामुळे संमती सेवेपुरतीच धरली जाईल. हे चांगलं आहे. पण नुकसान झालेल्याच्या हातात काय पडतं ते बघा. दंड २५० कोटींपर्यंत होऊ शकतो आणि तो जमा होतो भारताच्या संचित निधीत. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाईचं कलम ४३अ हा कायदा वगळतो. ज्या मेहुण्याला रात्री अकराला शिव्यांचे फोन आले, त्याचं खातं कोरडंच.

त्या मानाने रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ ला काढलेल्या मार्गदर्शक सूचना मला जास्त शहाण्या वाटतात. त्या म्हणतात, कर्ज अ‍ॅपने फाइल्स, संपर्कयादी, कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. ग्राहकाची परवानगी असली तरीही नाही. पुढे २०२३ मध्ये गूगलच्या प्ले स्टोअरनेही वैयक्तिक कर्जाच्या अ‍ॅप्सना संपर्क आणि फोटो बंद केले. इथे प्रश्नच बदललाय. 'माणसाने किती लपवावं?' किंवा 'त्याने होय म्हटलं का?' यापेक्षा 'कोणती माहिती कोणत्या निर्णयासाठी वापरायची नाही?' असा तो प्रश्न आहे. बेकायदा अ‍ॅप्स ही सूचना पाळणार नाहीत, हे उघड आहे. पण निदान गुन्हा कशाला म्हणायचं ते स्पष्ट झालं.

पोस्नर यांचा निबंध टाकाऊ नाही. लपवण्याची किंमत कुणीतरी मोजतं, हे त्यांनी शिकवलं. उघडं करण्याचीही किंमत कुणीतरी मोजतं, आणि तो 'कुणीतरी' अनेकदा व्यवहारात नसतोच, एवढी ओळ त्यात आपण जोडायला हवी.

प्रश्नोत्तरांतून

श्रोता : सर, ते सगळं खरं. पण ज्याला बँक दारात उभं करत नाही, त्याला अ‍ॅप पैसे देत होतं. धाक काढून घेतला तर तुमच्याच हिशोबाप्रमाणे दुकान बंद. मग त्याने जायचं कुठे?

वक्ता : प्रश्न रास्त आहे आणि त्याचं गोड उत्तर नाही. काही कर्जं खरोखर बंद होतील. माझ्या मते आठवड्याला ४३ टक्क्यांचं आणि नातेवाइकांच्या अब्रूवरचं कर्ज बंद झालं तर ते नुकसान सोसण्याजोगं आहे. पण गरज शिल्लक राहते, हे तुमचं म्हणणं खरंय. तिथे अंदाजाचं काम करणारी माहिती वाढवली पाहिजे आणि धाकाची काढली पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या निर्देशांतून आलेली 'अकाउंट अ‍ॅग्रिगेटर' व्यवस्था हेच करू पाहते : माझ्याच खात्यातले व्यवहार, ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीपुरते सावकाराला दाखवायचे. त्यात माझ्या मेहुण्याचा नंबर लागत नाही. मात्र ज्याची कमाई रोख आहे, त्या भाजीवालीच्या खात्यात दाखवण्यासारखं फारसं नसतं. तिच्यासाठी आजही बचत गट आणि गावची पतसंस्था हेच रस्ते आहेत. तिथेही लाज आहे, दबाव आहे, मी नाकारत नाही. गटातल्या बाया वसुलीला दारात येतातच. पण त्या दहा जणी एकमेकींना ओळखून, सही करून गटात आलेल्या असतात. तेव्हा पुढचा प्रश्न मी तुमच्याकडेच सोपवतो : रोख कमाईच्या माणसाची पत मोजायची अशी पद्धत कोणती, जिच्यात त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना ओलीस ठेवावं लागणार नाही? यावर काम करणारं कुणी इथे असेल, तर व्याख्यान संपल्यावर थांबा, बोलू.